बंदर नसलेल्या गावात बोटीचे कागद : आमची वाटचाल

कोल्हापुरात बोटीवरच्या कागदपत्रांचं ऑफिस कशाला, असं अजूनही लोक विचारतात. खलाशांची नोंद ठेवणारं सरकारी शिपिंग मास्टरचं ऑफिस मुंबईत, बोटीवरच्या ऑफिसरांच्या परीक्षा घेणारं एमएमडी मुंबईत, बोटींना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग कंपन्याही तिकडंच. पण बोटीवर जाणारी माणसं इथली आहेत. देवगड-वेंगुर्ल्याहून घाट चढून येणारी, गडहिंग्लज-चंदगडची, शिवाय उद्यमनगरात लेथवर हात बसलेली पोरं; इंजिन रूमला अशीच लागतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, बॅलार्ड इस्टेटला खिडकीवर ‘नाव जुळत नाही’ एवढं ऐकायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं. ही फेरी वाचवण्याचे पैसे आम्ही घेतो.

नाव का जुळत नाही, ते ऐका. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टला आडनावाचा रकाना वेगळा. पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र जायला हवं. पोरगं घाईत वडिलांचं नाव गाळतं. तोच पासपोर्ट लावून इंडोस, म्हणजे खलाशाचा नोंदणी नंबर निघतो, इंडोसवरून पीएसटी (समुद्रात जीव वाचवणं), फायर फायटिंग, फर्स्ट एड, पीएसएसआर (बोटीवरची सुरक्षितता नि जबाबदाऱ्या) आणि एसटीएसडीएसडी (बोटीची राखण) यांचे दाखले, त्यावरून सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक. मुळातली एक चूक पाच दाखल्यांत उतरते आणि दुरुस्तीला प्रत्येक संस्थेचं दार वेगळं. म्हणून आमच्याकडे फाइल उघडली की पहिलं काम पासपोर्ट नि मार्कलिस्ट शेजारी ठेवून भिंगाखाली अक्षर न् अक्षर जुळवणं. ‘शिवाजी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आय आहे की डबल ई, यावर सीडीसी अडकलेली आहे.

दुसरं हत्यार म्हणजे लांब पानाची वही. संगणक आहे, एक्सेलही आहे, पण भरवसा वहीवर. तिच्यात माणसं नावानं लावलेली नाहीत, मुदत संपायच्या महिन्यानं लावली आहेत. मेडिकल दोन वर्षं, पीएसटी आणि फायर फायटिंगचा रिफ्रेशर पाच वर्षांनी, सीओसी (ऑफिसरचं पात्रतेचं सर्टिफिकेट) पाच वर्षं, सीडीसी दहा. कच्चे लोक आजची तारीख बघतात. बघायची असते साइन ऑफची, म्हणजे बोट सोडायची. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर दहा धरायचे, कारण रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, वेळेवर येत नाही. त्या दहा महिन्यांत जे संपतं ते जॉइनिंगआधीच नवं करायचं. पासपोर्टला त्यापुढं आणखी सहा महिने आणि कोरी पानं हवीत. मेडिकल समुद्रात संपलं तर जिथं डॉक्टर मिळेल त्या पुढच्या बंदरापर्यंत सूट आहे, तीही जास्तीत जास्त तीन महिने. त्या भरवशावर पोरगं पाठवणारी कंपनी आम्ही टाळतो.

परदेशी झेंड्याच्या बोटीवर ऑफिसरला त्या देशाचं एंडोर्समेंट, म्हणजे आपलं सर्टिफिकेट मान्य असल्याचा कागद लागतो. अर्ज केल्याचा पुरावा जवळ असेल तर तीन महिने चालतं. पण अर्ज आपण दिलाय आणि पावती मेलमध्ये पडून आहे, असं असून भागत नाही. ती बोटीवर कॅप्टनच्या फाइलला हवी. पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे परक्या बंदरात बोट तपासणारा इन्स्पेक्टर मेल उघडत बसत नाही.

सुरुवातीला हे सगळं कुणाला पटत नव्हतं. पटलं ते एका देवगडच्या बोसनना, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमांना. दर साइन ऑफनंतर आंब्याच्या पेटीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद ठेवून यायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, “बघा रे, कायतरी चुकलासा वाटता.” निम्म्या वेळा चुकलेलं निघायचंच. गावातली पंधरा-वीस पोरं त्यांनीच आमच्याकडे लावली. उपकार आहेत.

मग आमच्याच रस्त्यावर ‘पॅकेज’वाला आला. काचेचं ऑफिस, भिंतीवर कंटेनर शिपचं भलंमोठं पोस्टर. कोर्स, सीडीसी, जॉइनिंग, सगळ्याची हमी आणि रक्कम लाखांत. आम्ही सांगायचो, जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, बोटीवर जाण्याआधीचा सहा महिन्यांचा प्री-सी कोर्स कर, परीक्षा दे, मग बघू. तो सांगायचा, पुढच्या महिन्यात बोट. आईबाप कुणाचं ऐकणार? आमच्या बाकावर दिवसचे दिवस कुणी बसत नव्हतं. जागेचं भाडं थकलं, मुलगा म्हणाला बंद करू. आमचे जुने गिऱ्हाईकसुद्धा समोरून मान खाली घालून जायचे. एकानं तर आम्हीच तयार केलेली फाइल तिकडं नेऊन दिली. याचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

त्याच्या दाखल्यांचे नंबर डीजी शिपिंगच्या, म्हणजे सरकारी जहाज खात्याच्या नोंदीत सापडेनात. हातात होत्या परदेशी सीडीसी, मागे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स नाही. काही पोरं एअरपोर्टवरूनच परतली. शटर एका रात्रीत खाली आलं आणि लोक आले आमच्या दारात, भांडायला! “तुम्ही सगळे एजंट सारखेच.” ज्यांना आम्ही आधी हात जोडून सांगितलं होतं तेच. पोलिसांना कागद कसे तपासायचे हे आम्ही फुकट दाखवलं. पेपरात बातमी आली तिच्यात ‘शहरातील एजंट’ एवढंच. आमचं वेगळेपण कुणी छापलं नाही.

म्हणून विचारलं नाही तरी सांगतो. आरपीएसएल नंबर मागा आणि डीजीच्या साइटवर स्वतः बघा. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. एमएलसी २००६ या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट एवढाच खर्च त्याच्या माथी येतो. भारतानं ते २०१५ मध्ये मान्य केलंय. कागद तपासण्याची आमची फी वेगळी, पावतीसकट. जॉइनिंग आम्ही लावतच नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. मुलगा आता इंजिनिअरांच्या फाइली बघतो. त्यांच्या सी-टाइमच्या, म्हणजे बोटीवर किती दिवस काम केलं त्याच्या पत्रात घोळ ठरलेला. साइन ऑन-साइन ऑफच्या तारखा सीडीसीवरच्या शिक्क्याशी जुळत नाहीत, किंवा इंजिनची ताकद किलोवॅटऐवजी बीएचपीत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये लिहिलेली असते. चार हजार बीएचपी ऐकून गडी खूश होतो, सर्टिफिकेटसाठीच्या तीन हजार किलोवॅटच्या हद्दीवर गेलो म्हणून. ०.७४५७ नं गुणून बघा, २,९८३ येतात. पत्र देतानाच चीफ इंजिनिअरकडून किलोवॅट लिहून घ्या. कंपनीनं बोट विकली की ते पत्र बदलून द्यायला कुणी सापडत नाही.