पेज पातळ, बाळ बारीक

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवतात, फोटो निघतात. खरी गडबड पुढच्या आठवड्यात सुरू होते. घशात अडकेल म्हणून आई पेज पातळ करते, आजी त्यात आणखी अर्धी वाटी पाणी ओतते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिली मावतं. तेवढं झालं की ते तोंड फिरवणारच. घरचे म्हणतात, पोट भरलं. भरलंय खरं, पण पाण्यानं.

चमचा तिरका करून बघा. पेज गोळ्यानं घसरली पाहिजे, धार लागली तर ती बाळाची नव्हे, आजारी माणसाची पेज.

पाटण-जावळीकडे नाचणी घरात असतेच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून तिचं कौतुक रास्त आहे. पण साधं पीठ शिजताना इतकं फुगतं की पाणी वाढवावंच लागतं. मोड आणले की दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिठातला स्टार्च तोडतं, पेज कमी घट्ट होते आणि तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं. सगळी करामत एवढीच.

एक किलो नाचणी निवडून चार-पाच पाण्यांनी धुवा, बारीक खडे तळाशी बसतात. रात्रभर भिजवून पाणी काढा, ओल्या पंच्यात बांधून दीड दिवस ठेवा. पंचा सुकला की मोड थांबतात, फार ओला राहिला की आंबूस वास येतो. असा वास आला तर नाचणी बाळासाठी वापरू नका. मोड आले की पंख्याखाली कडकडीत वाळवून मंद आचेवर जेमतेम गरम होईतो भाजा. खमंग वास सुटेपर्यंत भाजलं तर अमायलेज मेलं, मोड आणायचे कष्ट वाया. गिरणीत आधी मिरची दळलेली नाही ना, हे विचारून घ्या, उन्हाळ्यात तर नक्कीच. पीठ वस्त्रगाळ करायचा हट्ट नको. कॅल्शियम बरंचसं सालीत असतं, चाळणीनं चाळलं तरी पुरे.

दोन मोठे चमचे पीठ पाऊण वाटी गार पाण्यात कालवायचं, मंद आचेवर हलवत सावकाश तापवायचं, उकळी आली की पाच मिनिटं शिजवायचं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि अमायलेजला काम करायला वेळच मिळत नाही. वरून अर्धा चमचा तूप. मीठ, साखर, गूळ वर्षापर्यंत काही नको, आणि मध तर अजिबात नाही. कराडचा गूळ कितीही चांगला असला तरी.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत 250 मिलीच्या कपानं अर्धा कप, दोन-तीन वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक कप, तीन-चार वेळा, मध्ये एखादा खाऊ.

नाचणीवर सगळं ढकलून चालत नाही. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो. म्हणून घट्ट वरण, पूर्ण शिजवलेलं अंडं, घरात चालत असेल तर बारीक केलेली कलेजी. आशाताई लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा 1 मिली. ते घरात पडून असतं आणि बाळ चहात बुडवलेली खारी खात असतं. चहातला टॅनिन हेच लोह अडवतो. सातारा-सांगलीकडची सगळ्यात वाईट सवय कोणती विचाराल तर हीच. दुसरी म्हणजे घरची म्हैस आहे म्हणून दुधावरच वाढवणं. वर्षाआधी वरचं दूध मुख्य आहार नको, वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दिलं तर जेवणाला भूक उरत नाही.

माण-खटाव, जत-आटपाडीकडे बाळाच्या हातात भाकरीचा पापुद्रा देतात. तो टाळूला चिकटतो. द्यायचा तो आतला मऊ भाग, वरणात कुस्करून. वरण कांदा-लसूण मसाला पडायच्या आधी बाजूला काढा, म्हणजे वेगळा स्वयंपाक लागत नाही. नवव्या महिन्यानंतर मिक्सर बंद. तेव्हा गुठळ्या चावायला शिकलं नाही तर तीन वर्षांचं पोरही घास गालात धरून बसतं. तासगावचे बेदाणे भिजवून कुस्करूनच द्या, शेंगदाण्याचं कूटच द्या, अख्खं काही नको. खोकत असेल तर बाळ स्वतःच घास वर आणतंय, बोट घालू नका. आवाजच बंद झाला, चेहरा निळसर पडला, तर ते अडकणं.

आई-बाप सात वाजता रानात किंवा कामावर, बाळ आजीकडे. तेव्हा भरवणाऱ्याला माप माहीत हवं. बाळाची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटातून चार घास दिले की किती गेलं कळत नाही. मोबाइल दाखवून भरवलं तर पोट भरल्याचं त्याचं त्यालाच कळत नाही. काय आणि केव्हा हे मोठ्यांनी ठरवावं, किती हे बाळानं. अर्ध्या तासात उरलेली वाटी उचला, पाठीमागे धावू नका.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. कार्डावरची वजनाची रेघ दोन महिने आडवी गेली, किंवा दंडाचा घेर पट्टीवर 12.5 सेंटीमीटरच्या खाली आला, तर "बारीक आहे पण चपळ आहे" म्हणत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. जाताना दिवसभरात काय-काय खाल्लं ते कागदावर लिहून न्या, चहा-खारीसकट.