रिपोर्टवर चिऊ, फॉर्मवर दुसरंच नाव

मुलीला कॅन्सर आहे हे कळायला तीन आठवडे गेले आणि कुठला कॅन्सर हे कळायला पुढचा अख्खा आठवडा, आणि खरं सांगतो, राग त्या शेवटच्या आठवड्याचाच आहे.

वय चार. पाय दुखतो म्हणून सारखी कडेवर, चालली तर लंगडत, आम्हाला वाटलं अंगणवाडीत पडली असेल. मग येऊन जाऊन ताप, चेहरा पांढराफटक, पोटऱ्यांवर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके. गावातल्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घेतला. हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट २२ हजार (दोन्ही खूपच कमी), पांढऱ्या पेशी ३८ हजार (खूप जास्त) आणि खाली 'ब्लास्ट' असा शब्द, म्हणजे रक्तातल्या कच्च्या पेशी. रात्रीच पुण्याला निघालो.

मला वाटायचं ब्लड कॅन्सर म्हणजे ब्लड कॅन्सर, औषध चालू करा की. तसं नसतं. लहान मुलांत सगळ्यात जास्त एएलएल नावाचा प्रकार दिसतो, पण त्यातही पांढऱ्या पेशींच्या दोन जातींपैकी बी सेल का टी सेल हे बघावं लागतं, आणि एएमएल हा दुसरा प्रकार निघाला तर औषधंच वेगळी. नुसत्या मायक्रोस्कोपखाली फसगत होऊ शकते म्हणून फ्लो सायटोमेट्री करतात, पेशींच्या अंगावरच्या खुणा बघून त्यांची जात ठरवतात, सीडी १९, सीडी १० असली नावं असतात त्यांची. तर शुक्रवारी दुपारी कंबरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मगज, काढलं (पाठीतलं पाणी काढतात ते वेगळं, आमच्या घरी अजून दोन्ही एकच समजतात) आणि नळी बाहेरच्या लॅबला गेली.

शनिवारी काउंटर दुपारीच बंद. सोमवारी, "काका, प्रोसेसमध्ये आहे." मंगळवारी परत तेच, मग मी हललोच नाही तिथून, तेव्हा काउंटरवरच्या पोराने कुठेतरी फोन लावला आणि मला विचारतो, "चिऊ कोण?"

"माझी मुलगी."

"मग फॉर्मवर ही कोण?"

"तीही माझीच."

"म्हणजे दोन पेशंट?"

झालं असं होतं की गावच्या लॅबमध्ये बायकोने घाईत घरचं नाव सांगितलं, सीबीसीवर चिऊ छापलं गेलं, आणि मॅरोच्या फॉर्मवर आधारवरचं नाव. दोन्ही कागद एकत्र जोडलेले, नावं जुळेनात म्हणून लॅबने नळी बाजूला ठेवली. आम्हाला एक फोन नाही! फ्लोला जिवंत पेशी लागतात, एक-दोन दिवसांत सॅम्पल तपासलं गेलं पाहिजे, चार दिवसांनी त्यात काय उरणार. बुधवारी त्याच हाडात परत सुई. मी काउंटरवर इतका ओरडलो की वॉचमन आला. बायको म्हणाली, "चला, ती उठलीय, तुम्हाला शोधतेय," तेव्हा गप्प झालो.

त्या दिवसांत वॉर्डात बरंच कळलं. शेजारच्या बेडवरच्या बाळाच्या पोटातली गाठ आईला आंघोळ घालताना लागली होती, किडनीची निघाली. त्याच्या फाइलवर 'पोट दाबू नये' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, कारण जास्त दाबलं तर ती गाठ फुटू शकते. समोरच्या बेडवरच्या पोराचा एक डोळा मोबाइलच्या फ्लॅशमध्ये पांढरा दिसायचा, ती डोळ्यातल्या कॅन्सरची खूण असू शकते.

हे आधीच सांगायला हवं होतं, हाडं दुखतात म्हणून काही जण स्टिरॉइड देऊन टाकतात, गावच्या डॉक्टरांनी ते दिलं नाही हे आमचं नशीब. त्याने ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशी तात्पुरत्या कमी होतात, पोर बरं झाल्यासारखं वाटतं आणि निदान अवघड होऊन बसतं.

शुक्रवारी रिपोर्ट आला. बी सेल एएलएल. डॉक्टर मॅडम म्हणाल्या वय एक ते दहाच्या मध्ये आणि सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या खाली, म्हणून आत्ता तरी स्टँडर्ड रिस्क, म्हणजे त्यातल्या त्यात कमी धोक्याचा गट, पुढे जीन्सचे रिपोर्ट आणि औषधाला ती कशी साथ देते त्यावर बदलू शकतं. आणि हा सुरुवातीचा आकडा कुठे लिहिलेला? चिऊच्या सीबीसीवर. तो कागद आता नावाच्या दुरुस्तीसकट फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.

पहिल्या रक्ततपासणीपासून आधारवरचंच नाव सांगा. आणि शुक्रवारी सॅम्पल जाणार असेल तर लॅब शनिवार-रविवार चालू आहे का हे नळी जायच्या आधी विचारा, मला ते बुधवारी सुचलं.