भोगीची भाकरी खाऊन 21 किलोमीटर (मुंबई हाफ मॅरेथॉन, चॅरिटी टीमबरोबर)

सुरुवातीलाच सांगून टाकते, जानेवारी 2023 ची मुंबई मॅरेथॉन, त्यातली हाफ, माझा टाइम 2 तास 46 मिनिटं. त्याच दिवशी इथिओपियाच्या हायले लेमीने फुल, म्हणजे आख्खे 42 किलोमीटर, 2:07:32 मध्ये मारून कोर्स रेकॉर्ड केला, तेव्हा स्पीड कसा वाढवायचा हे मला विचारू नका. पण चॅरिटी टीमकडून पळायचं डोक्यात असेल तर दोन गोष्टी सांगू शकते, कारण सगळ्या चुका करून झाल्यात.

आमची संस्था परळला कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या आईवडिलांची राहायची सोय बघते. हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर चादर टाकून बसलेली माणसं ज्यांनी बघितलीयेत त्यांना जास्त सांगायला नको. टीममध्ये आम्ही बावीस जण, सगळे ठाण्याचे, आणि प्रत्येकाने 50 हजार जमवायचे असं ठरलेलं. मला वाटलं पळणं अवघड, पैसे काय, मागितले की मिळतील. उलटं निघालं.

फॅमिली ग्रुपवर एक छानसा मोठा मेसेज टाकला. 14 अंगठे, 6 नमस्कार आणि रुपये शून्य. मग एकेकाला फोन करायला लागले तेव्हा कुठे पैसे यायला लागले, तेव्हा पहिला सल्ला हाच, ग्रुपवर टाकून वाट बघत बसू नका, माणसाला त्याचं नाव घेऊन मागा. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले किलोमीटरला दहा रुपये देतो, 21.097 चे 210 रुपये 97 पैसे झाले, हे घे 211, वरचे 3 पैसे तुला. तेच काका नंतर रोज जिन्यात अडवून आज किती पळालीस विचारायचे, त्या 211 रुपयांनी माझे निदान चार आळशी रविवार तरी वाचवले असतील.

पैशांचंच अजून थोडं. देणाऱ्याचा पॅन नंबर तिथल्या तिथे घ्या, नंतर कोणी देत नाही आणि मार्चमध्ये पावतीसाठी मात्र तुमच्याच मागे लागतात. देणगीवरची टॅक्सची सवलत (80जी) जुन्या टॅक्स रेजीममध्येच मिळते आणि रोख 2000 च्या वर दिले तर मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. आणि परदेशातले नातेवाईक! माझा न्यू जर्सीचा मामेभाऊ एकदम मोठी रक्कम द्यायला तयार होता, पण तो आता अमेरिकन नागरिक आणि आमच्या छोट्या संस्थेकडे परदेशी देणगी घ्यायला लागणारं एफसीआरए रजिस्ट्रेशन नाही, म्हणजे त्याचे पैसे घेताच येत नाहीत. भारतीय पासपोर्टवाला असता तर स्वतःच्या बचतीतून बँकेतर्फे दिलेले चालले असते. हे मला डिसेंबरात कळलं, तोपर्यंत मी ते पैसे मनातल्या मनात जमेला धरून बसले होते.

ट्रेनिंग सोळा आठवडे. रविवारी पहाटे साडेपाचला उपवन तलावापाशी जमायचं आणि तिथून येऊरचा चढ. पहिल्या महिन्यात मी येऊरला इतक्या शिव्या घातल्यात की काय सांगू, पण पुढे रेसमध्ये पेडर रोडच्या चढाला त्याचीच किंमत कळली. आमचा कोच चार मिनिटं पळा एक मिनिट चाला असं करून घ्यायचा, मला आधी ती लबाडी वाटायची, पण त्यामुळेच पन्नाशीतल्या आम्ही तिघीजणी गुडघे शाबूत ठेवून 18 किलोमीटरपर्यंत पोचलो. एकट्याने पळणारे रविवारी गजर बंद करून झोपू शकतात, टीममध्ये खाली गाडीचा हॉर्न वाजतो.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रेसच्या आधीच्या दिवसांत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एक्स्पोमध्ये स्वतः जाऊन घ्यायचं असतं. शनिवारी गेलात तर गर्दीत पायाचे तुकडे पडतात, शक्यतो आधी उरकून टाका.

आता मुख्य घोळ. हाफ सुरू होते माहीमच्या रेती बंदरवरून. रेसच्या दिवशी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते आणि टीमचे बाकी लोक त्यानेच आले, मी शहाणी, माहीमला मावशीकडे राहिले. रेस 15 ला, संक्रांतीच्या दिवशी, म्हणजे आदल्या रात्री भोगी! मावशीने वालपापडी, हरभरे, वांगी, गाजर घालून भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा असं ताट समोर ठेवलं. मी म्हटलं मावशी, मला उद्या पळायचंय, नुसता दहीभात दे. ती म्हणाली, "न खाई भोगी तो सदा रोगी. गप जेव." दोन भाकऱ्या खाल्ल्या. पुढचं सभ्य भाषेत सांगायचं तर पहाटे स्टार्टला मी वॉर्मअप केलाच नाही, टॉयलेटच्या रांगेत होते. आदल्या रात्री साधा वरणभात खा आणि प्रेमळ नातेवाइकांकडे उतरू नका.

सी लिंक मात्र मस्त. एरवी तिथे पायी जायला बंदी, त्यात मिट्ट काळोख, वारा, दिव्यांची ओळ आणि आजूबाजूला नुसता हजारो बुटांचा आवाज. फक्त सेल्फीवाले अचानक मध्येच ब्रेक मारतात, सांभाळा. त्या वर्षी थंडीही चांगली होती, कोविडमुळे दोन वर्षं रेस झाली नव्हती म्हणून की काय वरळी सी फेसला त्या वेळेलाही माणसं टाळ्या वाजवत उभी.

हाजीअलीनंतर पेडर रोड. चढ येऊरपुढे काहीच नाही पण तो येतो तेव्हा पाय आधीच संपलेले असतात. मी सरळ चालले, कसलीही लाज न वाटता. तिथल्या बिल्डिंगमधली मंडळी खाली उतरून मीठ लावलेली संत्री, बिस्किटं देत होती, एका आजींनी तिळाचा लाडू हातावर ठेवला. संत्रं घ्या, लाडू खिशात टाका, पळता पळता तीळ घशात गेले की काय होतं ते मी करून बघितलंय.

सगळे पेडर रोडची भीती घालतात, मला छळलं ते मरीन ड्राइव्हने. सपाट आहे, सुंदर आहे, आणि वळण संपतच नाही, चर्चगेटकडची टोकं दिसत राहतात पण जवळ येत नाहीत. तिथे आमच्या टीमचे दोघं भेटले आणि कोणीच कोणाशी न बोलता शेवटपर्यंत एकत्र आलो.

फिनिशनंतर लगेच बसू नका, उठता येत नाही. मोबाइल लागायचा भरवसा नसतो, त्यामुळे भेटायची जागा आधीच ठरवा, आझाद मैदानात आम्ही एकमेकांना तासभर शोधत होतो. ठाण्याच्या लोकांना परतीचं सोपं, सीएसएमटी समोरच.

फोन लागल्यावर पहिला मावशीला केला. मेडल मिळालं म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, कालची एक भाकरी उरलीय, येतेस का?