तोंडी युक्तिवादाचे पाच गुण

ठाण्यातील एका विधी महाविद्यालयात मी मूट कोर्टाचा, म्हणजे सरावासाठी चालवल्या जाणाऱ्या काल्पनिक खटल्यांचा, विषय शिकवतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याने वर्षात तीन मूट करायचे असतात आणि प्रत्येक मूटच्या दहा गुणांपैकी पाच लेखी निवेदनाला, तर पाच तोंडी युक्तिवादाला असतात. गेल्या वर्षी शेवटच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या पहिल्या मूटमध्ये मी तोंडी युक्तिवादाला दीड गुण दिला आणि शेऱ्यात 'भाषा सैल' असे लिहिले, कारण तो 'प्रतिवादी' न म्हणता सारखा 'समोरचे' म्हणत होता. वेळ संपत आली असताना एका शब्दावर तो अडकला, तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीतून मीच तो शब्द पूर्ण करून टाकला. मला ती मदत वाटली होती.

आठवड्याने त्याचा अर्ज आला. त्याला तोतरेपणा आहे आणि 'प' ने सुरू होणारे शब्द त्याला सर्वांत जड जातात. गप्पांमध्ये असा शब्द टाळून दुसरा वापरता येतो, परंतु न्यायालयात शब्द बदलला की अर्थही बदलतो, असे त्याने लिहिले होते. मागण्या दोनच होत्या : वाढीव वेळ, आणि त्याचे वाक्य कोणीही पूर्ण करू नये.

कार्यालयाने चाळीस टक्क्यांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र मागितले आणि, सांगायला संकोच वाटतो, मीही तेच विचारले. त्यावर तो अधिनियमाची प्रत घेऊन आला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात वाचादोषाची उदाहरणे म्हणून स्वरयंत्र काढून टाकणे आणि मेंदूविकाराने वाचा जाणे यांचा उल्लेख आहे, तोतरेपणाचा नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळणे अवघड होते. मात्र 'दिव्यांग व्यक्ती' या मूळ व्याख्येत टक्केवारीच नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही, असा निर्णय दिला. हा निवाडा मी दरवर्षी वर्गात शिकवतो, पण स्वतःच्या गुणपत्रिकेला तो लागू होतो हे मला विद्यार्थ्याने दाखवावे लागले.

प्राचार्यांनी आठ मिनिटांऐवजी तेरा मिनिटे मंजूर केली. किती वेळ पुरेल हे आम्ही त्यालाच विचारून ठरवले.

दुसऱ्या मूटसाठी जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एक ज्येष्ठ वकील बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. वाद घोडबंदर रोडवरील एका काल्पनिक इमारतीचा होता : ताबा लांबला, ग्राहकाला सदनिका सोडायची नव्हती, म्हणून तो स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १८ खाली विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागत होता. विद्यार्थी ग्राहकाच्या बाजूने उभा होता. पहिल्याच वाक्यात 'प्रतिवादी' आला आणि तो थांबला. मागच्या बाकांवर कोणी तरी खोकले, माझ्या तोंडात तो शब्द तयार होता आणि टेबलाखाली मी स्वतःची बोटे दाबून धरली होती. बाईंनी मात्र मान खाली घातली नाही, घड्याळाकडेही पाहिले नाही. न्यायाधीश पाहतात तशा त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. शब्द आला. पुढे तो नऊ वेळा तरी आला आणि त्याने एकदाही 'समोरचे' म्हटले नाही. अकराव्या मिनिटाला त्याचा युक्तिवाद संपला.

मग बाईंनी विचारले, की ग्राहकाने ताबा विनातक्रार घेतल्यावर मागील व्याजाचा दावा टिकतो का. त्याच्याकडे तयारी नव्हती, आणि त्याने ते मान्य केले.

त्याला तोंडी युक्तिवादाचे पाचपैकी चार गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि तो प्रश्न मूटच्या कथानकाबाहेरचा असल्यामुळे एक गुण कापणे चूक आहे, असे सांगू लागला. पंधरा मिनिटे तो वाद घालत होता, आणि मी एकदाही त्याचे वाक्य पूर्ण केले नाही. गुण मी वाढवला नाही. ताब्याची तारीख कथानकाच्या दुसऱ्या पानावर छापलेली होती.