माळा आधी, घर नंतर

गुडघे कुरकुरायच्या आत घर बदलावं, हे माझं स्पष्ट मत. आमचं कोथरूडचं रो-हाऊस तीन मजली. झोपायची खोली वर, देवघर खाली, आणि गच्चीवरची वाळवणं कधीच बंद झालेली. लेक म्हणाली, "आई, वरच्या खोल्या फक्त झाडायला ठेवल्यास का गं?" झोंबलं, पण खोटं नव्हतं.

ह्यांना घाई नको होती. सीएनं गणित मांडलं: नफ्यावरची करसवलत हवी तर नवं घर जुनं विकण्याआधी १ वर्षात किंवा विकल्यावर २ वर्षांत घ्यायचं. जुनं माझ्या नावावर, म्हणून नवंही माझ्याच. बायकांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ती वरकड.

फ्लॅट बघताना एजंट मॉड्युलर किचन दाखवायचा, मी विचारायचे लिफ्टला जनरेटर आहे का, तीत स्ट्रेचर मावेल का, बाथरूमला उंबरा किती. त्याचा चेहरा पडायचा.

खरी लढाई माळ्यावर झाली. दिवाळी अंकांचे गठ्ठे वाचनालयानंही नाकारले, रद्दीवाल्यानं मात्र हसत नेले. पाटा-वरवंटा शेजारणीकडे गेला. पुरणयंत्र मी ठेवलंय, कुणी काही म्हणो. तांब्याचा बंब मोडीत घालायला हे तयार होईनात. शेवटी भाच्यानं नेला. त्यात त्यानं मनीप्लांट लावलाय म्हणे. हे अजून धुसफुसतायत.