युनिव्हर्सिटी ब्लू मिळाला, पुढे काय?

आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आटोपला आणि शेवटच्या सेमिस्टरचे वेळापत्रक फलकावर लागले, की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कॉलेजांच्या जिमखान्यात एक ठरावीक चर्चा सुरू होते. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात निवड होऊन ज्याला ‘ब्लू’, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान, मिळाला आहे आणि ज्याच्या ब्लेझरची घडीही अजून मोडलेली नाही, अशा एखाद्या मुलाच्या मोबाईलवर परदेशी क्लबचा किंवा मधल्या माणसाचा निरोप येतो. त्याच सुमारास पोलीस भरतीची किंवा रेल्वेच्या खेळाडू कोट्याची जाहिरात निघते आणि घरात दोन तट पडतात. नोकरीची बहुतेक वर्षे पदवी कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून गेल्यामुळे अशा घरांतून ‘सर, तुम्हीच काय ते सांगा’ असे बोलावणे मला येत असे, आणि निवृत्तीनंतरही ते थांबलेले नाही.

या बैठकांत तरुण मंडळी धाडसाच्या बाजूने बोलतात आणि वडीलधारे पोटापाण्याच्या. माझे मत असे आहे, की परदेशात खेळणे आणि नोकरी धरणे यांपैकी एकच काहीतरी निवडायचे, ही मांडणीच मुळात चुकीची आहे. प्रश्न क्रमाचा आहे. कोणती गोष्ट आधी पदरात पाडून घेतली तर दुसरी करायला मोकळीक राहते, याचा विचार फार थोडी घरे करतात.

बाहेर जाण्याचे अप्रूप आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेलेल्या भारताच्या छोट्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांची वेळ देऊन ते एकोणिसावे आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी कुराश या कुस्तीसारख्या खेळात ब्राँझपदक मिळवले. मात्र देशाकडून बाहेर जाणे वेगळे आणि पोटासाठी बाहेर खेळणे वेगळे. पहिल्यात तिकीट, विमा, डॉक्टर हे सारे संघटना पाहते. दुसऱ्यात करारावरची सही आपली असते आणि तिचे परिणामही आपल्यालाच निस्तरावे लागतात.

जे खेळाडू व्यावसायिक म्हणून बाहेर गेले, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले खरे, परंतु ते केरळ पोलिसांत रुजू झाले, आणि ती नोकरी असतानाच अबुधाबी आणि इटली येथील क्लबांकडून खेळले. १९८७ मध्ये इटलीतच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार करून युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारी पहिली भारतीय महिला ठरलेली बाला देवी हीदेखील मणिपूर पोलिसांत होती. सौरभ नेत्रवळकरची गोष्ट तर आता घरोघरी माहीत आहे. २०१० मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघाकडून विश्वचषक खेळलेल्या आणि मुंबईकडून रणजी सामना खेळलेल्या या मुलाने क्रिकेट मागे ठेवून कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, ओरॅकलमध्ये नोकरी धरली, आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्धच्या सुपर ओव्हरमध्ये १८ धावा राखून दाखवल्या. या तिघांनी नोकरी की खेळ असा कौल लावलेला दिसत नाही. एकाच्या आधाराने दुसरे उभे राहिले.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही विसरू नये. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी संघात गेला, तेव्हा तो भारताचा नावाजलेला आघाडीपटू होता, आणि तरीही त्याला तेथील मुख्य लीगच्या एकाही सामन्यात मैदानावर उतरता आले नाही. परतल्यावर त्याला घ्यायला इथले क्लब तयार होते. आपल्या कॉलेजातला मुलगा तसाच बाकावर हंगाम काढून परतला, तर त्याच्यासाठी कोण थांबलेले असणार आहे, हे विचारायला हवे.

खानापूर तालुक्यातील एका घरातली बैठक थोडी तपशिलाने सांगतो, कारण अशा प्रकरणांत नेमके काय तपासायचे ते तिच्यातून चांगले कळते. मुलगा वेगवान गोलंदाज, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा, राज्याच्या वयोगट संघाकडून नुकताच खेळलेला. वडिलांचे थोडे भात, थोडा ऊस. इंग्लंडमधील एका क्लबच्या नावाने आलेली दोन पानांची मेल त्याने माझ्यासमोर मोबाईलवर उघडली. एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम, दुसऱ्या एका खेळाडूबरोबर खोली, आठवड्याला थोडा हातखर्च, एक संध्याकाळ लहान मुलांना शिकवायची, शनिवारी सामन्याआधी खेळपट्टीच्या कामाला हात लावायचा. जाण्याचे तिकीट क्लब काढणार, येण्याचे तिकीट ‘हंगाम पूर्ण केल्यास’. दुखापत हा शब्द दोन्ही पानांवर कुठेही नव्हता. विशीच्या आसपासच्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही आणि त्यातून सावरायला महिने लागतात. मेमध्ये पाठ धरली तर हंगाम पूर्ण होणार नाही, म्हणजे उपचाराचा खर्च आणि परतीचे तिकीट दोन्ही उसाच्या बिलातून निघणार, हे वडिलांनी माझ्याआधी ओळखले.

खरी मेख पुढे होती. मधल्या माणसाने ‘प्रोसेसिंग’ म्हणून मोठी रक्कम मागितली होती आणि सांगितले होते, की हौशी खेळाडू म्हणून टुरिस्ट व्हिसावर जायचे, विचारले तर मावशीकडे चाललो आहे म्हणायचे. ब्रिटनचे व्हिसा-नियम हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंत काटेकोर फरक करतात. मागच्या दोन वर्षांत राज्याच्या किंवा विभागाच्या संघाकडून, अगदी सतरा वर्षांखालील गटापासून वरच्या कोणत्याही गटात, खेळलेला खेळाडू त्या नियमांनुसार व्यावसायिक ठरतो, मग त्याने एक पौंडही घेतलेला नसो. अशा खेळाडूला क्लबने प्रायोजक म्हणून बोलवावे लागते आणि इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची शिफारसही लागते. खोटे कारण सांगून गेलेला मुलगा विमानतळावर पकडला गेला, तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. भारतीय मंडळाकडे नोंदणी झालेल्या खेळाडूला बाहेर खेळायला बीसीसीआयचे ना-हरकत पत्र लागते, हा भाग आणखी वेगळा.

आम्ही त्या मेलला उत्तर न देता क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून थेट तिथे लिहिले आणि तीनच गोष्टी विचारल्या: तुमच्याकडे प्रायोजकत्वाचा परवाना आहे काय, दुखापत झाल्यास विमा कोणाचा, आणि हा मध्यस्थ तुमचा आहे काय. क्लबच्या चिटणीसांचे उत्तर सभ्य आणि स्पष्ट होते. त्यांना गोलंदाज हवा होता, परवाना मात्र नव्हता, आणि त्या माणसाला त्यांनी कोणतेही अधिकार दिलेले नव्हते. वडील म्हणाले, ‘म्हणजे क्लब खरा, खेळ खरा, आणि मधलाच माणूस खोटा काय सर?’ मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही, हेही सांगायला हवे.

फुटबॉलमध्ये तपासणीची सोय थोडी बरी आहे. दुसऱ्या देशातील क्लबकडे जाताना आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागते आणि ते दोन्ही देशांच्या महासंघांमार्फतच होते. अठरा वर्षांखालील मुलांचे असे हस्तांतर काही मोजके अपवाद वगळता फिफा होऊ देत नाही. एजंटांसाठी परीक्षा आणि परवान्याची पद्धत २०२३ पासून पुन्हा लागू झाली असून परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ‘ट्रायल’साठी खेळाडूकडूनच आगाऊ पैसे मागणारा माणूस दिसला, की पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. कुस्तीचे पैलवान मला विचारतात तेव्हा मी जर्मनीच्या कुस्ती लीगचे नाव सांगतो, कारण तेथील क्लब परदेशी मल्ल घेतात. मात्र मातीत वाढलेल्या आणि मॅटची सवय नसलेल्या पोराला त्याचा उपयोग नाही, हेही लगेच सांगतो.

आता व्यवहाराच्या वाटेकडे वळतो, कारण तिच्याबद्दल घरोघरी फार भाबडेपणाने बोलले जाते. सीमाभागातील मराठी मुलासाठी ही वाट म्हणावी तितकी सरळ नाही. कर्नाटकातील भरतीत कुठे कन्नडचा सक्तीचा पेपर असतो, तर कुठे प्रश्नपत्रिकाच कन्नड आणि इंग्रजीत असते, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा मैदानी चाचणीत पहिला येऊन लेखी परीक्षेत मागे पडतो. महाराष्ट्राने आपल्या भरतीत सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांना अर्ज करू दिला आहे, परंतु त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला इथल्याच कचेरीतून मिळवायचा असतो, आणि खेळाडू कोट्यात गेलात तर कोणत्या राज्याकडून खेळलात हा प्रश्न समोर उभा राहतो. कर्नाटकाकडून खेळलेल्या आपल्या मुलाचे प्रमाणपत्र या प्रश्नापुढे लंगडे पडते. बेळगावात मराठा रेजिमेंटचे केंद्र असल्यामुळे लष्कर हा घराजवळचा पर्याय वाटे. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांना कायम करण्याची पद्धत आल्यावर ती खात्री राहिली नाही. कॉलेजात फिजिकल डायरेक्टर व्हायचे, तर एम.पी.एड. ही शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी घेऊन नेट किंवा के-सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, आणि तरीही बरीच वर्षे अतिथी म्हणून तासांवर काढलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत.

म्हणून ‘आधी नोकरी बघ, मग खेळ’ असे सरसकट सांगणाऱ्या काकांशी मी सहमत नाही. भरतीला वयोमर्यादा असते, शरीरालाही असते, पदवीला नसते. एकदा घेतलेली पदवी बाद होत नाही, म्हणून ती सर्वांत आधी. त्यानंतर वय संपायच्या आत भरतीचे अर्ज भरत राहावे, कन्नडच्या पेपरची शिकवणी लावायला लाजू नये, पासपोर्ट काढून ठेवावा, आणि या साऱ्याच्या मध्ये बसेल असा छोटा हंगाम परदेशात मिळाला तर खुशाल जावे. माझ्या माहितीतली एक फुटबॉलपटू मुलगी याच पद्धतीने मालदीवला खेळून आली. तेथील लीगमध्ये भारतीय मुली याआधीही खेळल्या आहेत आणि स्पर्धा थोडक्यात आटोपते. बी.पी.एड.चा प्रवेश सुरू होण्याआधी ती परत आली होती. घरी विरोध खेळाला कमी होता; आलेले स्थळ हातचे जाईल ही धास्ती जास्त होती. आईने एकच अट घातली, ती म्हणजे राहण्याच्या खोलीचा पत्ता आणि सोबतच्या मुलीचा नंबर आधी कागदावर लिहून दे.

आखाताची तऱ्हा निराळी आहे. तिथे कंपनी आपल्या संघासाठी क्रिकेटपटू शोधते, पण व्हिसावर तो स्टोअरकीपर किंवा कारकून असतो आणि खेळ सुट्टीच्या दिवशी. ही नोकरीच आहे, आणि तिचा पगार, कामाचे तास, राहण्याची सोय नोकरी म्हणूनच तपासावी. तरीही तिला कमी लेखू नये, कारण २०१६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात धरमशालेत आयर्लंडला हरवणारा ओमानचा संघ बहुतांशी अशाच नोकरदारांचा होता. आयसीसीच्या नियमानुसार तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर त्या देशाकडून खेळता येते.

पोलीस किंवा रेल्वेत खेळाडू म्हणून रुजू होणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात आस्थापना विभागात विचारून ठेवावे, की परदेशी क्लबकडून खेळायला बिनपगारी रजा मिळते काय आणि ना-हरकत पत्र कोण देते. बाला देवीला ते मिळाले म्हणून सर्वांना मिळेल असे नाही. खानापूरच्या त्या गोलंदाजाने हुबळीला नैऋत्य रेल्वेच्या ट्रायलसाठी अर्ज भरला आहे. परवानाधारक प्रायोजकांची यादी ब्रिटन सरकार आपल्या संकेतस्थळावर देते; ती उघडून त्याने आपल्या पातळीचे क्लब निवडून काढले आहेत, आणि या वेळी मेल तो स्वतः लिहिणार आहे.