मागील वर्षाचे उत्पन्न

महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल माझ्याकडे आहे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आलेला अर्ज लिपिकाच्या लॉगिनमधून तपासायचा आणि प्राचार्यांच्या लॉगिनकडे पाठवायचा, हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात कोणाचे आधार बँक खात्याला जोडलेले नाही, कोणाचा ओटीपी हरवलेल्या सिमकार्डावर जातो, हे निस्तरण्यातच निम्मा दिवस सरतो.

जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. अर्ज अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा होता. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आणि त्याच्या दाखल्यावर आकडा २,५८,०००. मर्यादेच्या वर गेले की फ्रीशिप मिळते, म्हणजे शुल्क सुटते, पण निर्वाह भत्ता मिळत नाही. आणि त्या घराला गरज भत्त्याचीच होती, कारण वडिलांचा कारखाना करोनाच्या टाळेबंदीपासून बंद होता. दाखला मात्र २०१९-२०च्या पगारावर निघालेला, नियमाने अगदी बिनचूक.

"सर, यंदाचं उत्पन्न लिहायला कुठं जागाच नाही का?" वडिलांनी विचारले. नव्हती.

'कमवा व शिका' सुचवावे, तर आमच्याकडे त्या योजनेचे तास बागेत नाहीतर ग्रंथालयात भरावे लागतात, आणि महाविद्यालये १५ फेब्रुवारीपर्यंत उघडणार नव्हती. थोरला भाऊ पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत होता. ४ मे २०२०च्या शासन निर्णयाने आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी पदभरतीच थांबवली होती. खर्चाला कात्री लावताना शासनाला चालू वर्ष दिसते, मदत देताना मात्र मागचे.

"कमी उत्पन्नाचा दाखला मिळतो की," असा सल्ला शेजारच्या टेबलावरून आला. दुमजली घरांतून आलेले साठ हजारांचे दाखले मी पाहिले आहेत, आणि कागद पूर्ण असल्याने पुढेही पाठवले आहेत. वडिलांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी 'उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त' असा शेरा लिहून अर्ज परत पाठवला.

पुढच्या वर्षी त्याच मुलाचा दाखला ९४,०००चा आला आणि अर्ज विनाहरकत पुढे गेला. तोवर कारखाना सुरू होऊन वडील पूर्ण पगारावर रुजू झाले होते. भत्त्याचे व्हाउचर पोर्टलवर रिडीम करून रक्कम खात्यात कशी घ्यायची, हे मी मुलाला दाखवत होतो. त्याला मात्र, मार्केट यार्डात क्रेट उचलताना बुडालेल्या प्रात्यक्षिकांमुळे राहिलेला विषय पुन्हा कधी देता येईल, एवढेच विचारायचे होते.